ओळी सोडणारी

पणजीत, महोत्सवाच्या त्या नऊ दिवसांत
माझं काम एवढंच :
शेवटच्या रांगेमागच्या खोपटात बसायचं
आणि पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडताच
कळ दाबायची.
खाली इंग्रजी ओळ उमटते. तो गप्प झाला की पुसायची.
लवकर सोडली तर विनोद आधीच फुटतो,
उशीर झाला तर मरणारा मेल्यावर बोलतो.

कोरियन मला येत नाही.
प्यो इन-तेक यांचे सिनेमे
मला श्वासांवरून कळतात.

पहिला काळा-पांढरा. बाप मिठागरात, मुलगा शहरात,
सहाशे बारा ओळी, सगळे भांडतात.
एकोणतिसाव्या वर्षी
माणसाकडे सांगण्यासारखं किती असतं!
दुसऱ्यातून सरकारी कात्रीने अकरा मिनिटं नेली.
ती जागा अजून हाताला लागते :
बाई दारात चप्पल काढते,
आणि पुढच्याच क्षणी तिचे केस पांढरे.
तिसरा आपटला.
चौथा दारूच्या कंपनीच्या पैशांवर,
म्हणून लग्नात, मयतात, टेबलावर तीच हिरवी बाटली.

मग सात वर्षं काही नाही.
माहितीपत्रकात तिथे एक स्वल्पविराम आहे.
कोणी म्हणतं, ते मासळीबाजारात बर्फ फोडत होते.
कोणी म्हणतं, बायकोच्या शिवणयंत्रावर घर चाललं.
तीच त्यांची फिल्मही कापायची, जोडायची.
परत आले तेव्हा ओळी निम्म्या झाल्या होत्या.
बायको गेल्यावरच्या सिनेमात तर एकशे चार,
त्यातल्या कितीतरी नुसत्या, ‘जेवलास?’

शेवटचा शनिवारी, रात्री साडेआठला.
यादीत ओळींपुढे शून्य होतं,
मला वाटलं, फाईल बिघडली.
ब्याण्णव मिनिटं बोट कळीवर ठेवून बसले.
एक म्हातारा दार दुरुस्त करतो.
कुत्रं येतं. जातं.
दोनदा त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले,
बोटाला घाम फुटला.
पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “हो उलयना रे!”
हशा झाला. खुर्च्या आपटत बरेच जण फेरीबोट गाठायला गेले.

दिवे लागल्यावर प्यो उभे राहिले.
बुटके, बुटाची एक नाडी सुटलेली.
कोणी संदेश विचारला, कोणी प्रेरणा.
दुभाष्याने त्यांचं उत्तर सांगितलं :
इथे जवळ मिठागर आहे का?

माझं माहेर अगरवाडा, म्हणून सकाळी मला पाठवलं.
दुभाषी तापाने पडला होता.
गाडीत आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर पाहत राहिलो.

नोव्हेंबरात मीठ कुठलं!
मानशीतून पाणी काढून चार दिवस झालेले,
नुसता चिखल आणि बांधावर बगळे.
मलाच ओशाळल्यासारखं झालं,
जणू पाहुणा आला आणि चूल पेटलेली नाही.
फोंडूबाब थापीने वाफा चोपत होता.
मान वर न करता म्हणाला,
“मीठ जाय जाल्यार शिगम्याक येवचें.”

प्यो यांनी बूट काढले.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले.
टाचेने चिखल दाबला. जरा सरकून पुन्हा दाबला.
बोट जिभेला लावलं
आणि फोंडूबाबच्या हातातली थापी मागितली,
म्हणजे नुसता हात पुढे केला.
पहिले दोन घाव वाकडे पडले.
तिसऱ्यापासून हात बसला.
फोंडूबाब बघत राहिला,
मग दुसरी थापी घेऊन शेजारच्या पट्ट्यात गेला.

तासाभराने ते काहीतरी बोलले.
लांब वाक्य. मध्ये थांबून, पाण्याकडे पाहून, पुन्हा पुढे.
माझा अंगठा आपसूक मांडीवर दाबला गेला.
चिखलावर काही उमटलं नाही.

“हय, हय,” फोंडूबाब म्हणाला, “तशेंच.”
आणि थोडी माती
त्यांच्या बाजूला ढकलली.